वजा बत्तीस

माझी बायको काटे तपासते. घड्याळाचे नव्हे, वजनाचे. दुकानं, गोदामं, लाँड्र्या, दवाखाने, जिथे म्हणून काही तोललं जातं तिथे ती वर्षातून एकदा आपली लाकडी पेटी घेऊन जाते, पांढरे सुती हातमोजे चढवते, पेटीतली चकचकीत वजनं एकेक करून काट्यावर ठेवते आणि काटा खरं बोलतोय की खोटं ते सांगते. खरं बोलत असेल तर शिक्का. खोटं बोलत असेल तर तारेचं सील, मग दुरुस्ती होईपर्यंत त्या काट्याला कुणी हात लावायचा नाही. भलेभले व्यापारी तिच्यापुढे गयावया करतात. एकाने तर काट्याला मिठीच मारली होती. बाई ढिम्म हलली नाही. बाजारात तिला काटेबाई म्हणतात. मीही म्हणतो, पण मनातल्या मनात.

तिच्या कामात एक गोष्ट पक्की असते, ती म्हणजे पेटीतलं वजन चुकत नाही. काटा आणि वजन यांच्यात फरक आला तर चूक काट्याची. हा फरक ती वहीत लिहिते, त्याला त्रुटी म्हणते. काटा वीस ग्रॅम जास्त दाखवत असेल तर त्रुटी अधिक वीस, आणि खरं वजन हवं असेल तर दाखवलेल्यातून वीस वजा. शाळेतल्या पोरालाही जमेल असा हिशेब. पण आमच्या घरात जे रामायण झालं ते याच वजाबाकीने झालं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मी पाट्या रंगवतो. आता टेबलाशी बसून नावाच्या पाट्या रंगवतो, पूर्वी परांचीवर चढून दुकानांच्या माथ्यावर माणसाएवढी अक्षरं काढायचो. साडेचार वर्षांपूर्वी असाच एका दुकानाच्या माथ्यावरून खाली आलो. खुबा, मांडी, टाच, सगळं एकदम. तेव्हा बायकोची शर्यत सहा आठवड्यांवर आली होती.

शर्यत म्हणजे काय, तेही सांगतो. एकाच दिवसात गारठलेल्या तळ्यात जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, तशाच ओल्या अंगाने सायकलवर बसून दोन घाट ओलांडत एकशे ऐंशी किलोमीटर जायचं, मग उतरून बेचाळीस किलोमीटर पळायचं, आणि त्यातले शेवटचे दहा डोंगर चढत. ज्याने कुणी हे शोधून काढलं त्याला घरी काही काम नसावं. बायकोने तीन वर्षं त्यासाठी रक्ताचं पाणी केलं होतं. मी पडलो त्या संध्याकाळी तिने माझ्या खाटेशी उभं राहून फोन लावला. "नाही जमणार. घरचं आहे." चार शब्द. फोन ठेवला आणि माझी उशी नीट केली.

पुढची चार वर्षं तिने मला उचललं, धुतलं, पुसलं, भिंतीला धरून चालायला शिकवलं. तीन शस्त्रक्रिया झाल्या. शर्यतीचं नाव तिने एकदाही काढलं नाही. सायकल आतल्या खोलीत चादर गुंडाळून उभी असायची, आणि काठी टेकत तिच्यासमोरून जाताना मी दर वेळी मान खाली घालायचो. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की ही बाई पुढे कधीही काहीही मागेल, माझ्या तोंडून 'नाही' येणार नाही. हे कुणाला बोललो नाही. बोलायचं काय त्यात.

एका सकाळी मी दातांच्या डॉक्टरची पाटी रंगवत होतो. बायको चहाचा कप घेऊन समोर येऊन बसली.

"अहो, मी परत सुरू करतेय."

"काय?"

"सगळं. नऊ महिन्यांनी शर्यत आहे. नाव दिलंय."

डॉक्टरच्या पदवीवर निळ्या रंगाचा टपोरा थेंब पडला. माझे डोळेच पांढरे झाले. बायको एक्कावन्न वर्षांची आहे. मला वाटलं होतं ती विसरली. ती एक दिवससुद्धा विसरली नव्हती, फक्त मी पायावर उभा राहायची वाट बघत होती.

"काही म्हणायचंय का तुम्हाला?" तिने विचारलं.

"छे, छे. कर की."

पहिल्या दिवशी तिने मला पोहण्याच्या तलावावर नेलं, बाकावर बसवलं आणि हातात थांबघड्याळ दिलं. पूर्वी चाळीस फेऱ्या म्हणजे तिचं नुसतं अंग मोकळं करणं असायचं. त्या दिवशी चौथ्या फेरीला तिने कठडा धरला तो सोडेना. तोंड उघडं, डोळे मोठे, छाती धपापतेय. माझा खुबा पाहूनही या बाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. आता ती पाण्याकडे अशी बघत होती की जणू कुणी भर रस्त्यात तिच्या थोबाडीत मारली.

"तुमचं घड्याळ बरोबर आहे?"

"कालच नवा सेल घातलाय."

"तलाव किती मीटरचा आहे?"

"पंचवीस. भिंतीवर लिहिलंय की."

"लिहिलंय म्हणजे मोजलंय असं नाही."

भिंतीवरची ती पाटी मीच रंगवली होती, पण गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी ती पोलादी टेप घेऊन हजर. एक टोक माझ्या हातात दिलं आणि स्वतः काठाकाठाने रांगत दुसऱ्या टोकाला गेली. तलावाचा रखवालदार पाइप टाकून धावत आला. "बाई, काय हरवलंय का?" तलाव पंचवीस मीटर दोन सेंटिमीटर भरला. "बघा!" बायको विजयी मुद्रेने म्हणाली. "जास्त आहे." रखवालदाराने माझ्याकडे पाहिलं आणि मी माझ्या काठीकडे पाहिलं.

खरी गंमत पुढे झाली. गंमत म्हणतोय खरा, पण आठवलं की आजही अंगावर काटा येतो. धावताना छातीला बांधायचा एक पट्टा असतो, तो हृदयाचे ठोके मोजून मनगटावरच्या घड्याळात दाखवतो. बायकोकडे पूर्वीची वही होती, साडेचार वर्षांपूर्वीची. कुठल्या वेगाला किती ठोके, सगळं त्यात टिपलेलं. रमतगमत धावण्याचे एकशे चव्वेचाळीस. आता त्याच वेगाने धावली तर पट्टा दाखवायला लागला एकशे शहात्तर.

तिने पट्ट्याचा सेल बदलला. मग पट्टा बदलला. नवा पट्टाही तेच सांगायला लागला. "दोन्ही एकाच कंपनीचे," ती म्हणाली. "दोन्ही सारखेच चुकतात." दोन आठवडे ती रोज धावून आली आणि जुन्या वहीतला आकडा शेजारी मांडत राहिली. सरासरी फरक निघाला बत्तीस. मग नव्या वहीच्या पुठ्ठ्यावर तिने लाल शाईने लिहिलं, 'त्रुटी अधिक ३२. रोज वजा ३२.' आणि त्या दिवसापासून एकशे शहात्तर आले की ती एकशे चव्वेचाळीस लिहायची, आणि समाधानाने चहा प्यायची.

मला कळत होतं काय झालंय ते. जुनी वही तिच्या लेखी पेटीतलं वजन झाली होती. वजन चुकत नसतं, तेव्हा चुकत असेल तर पट्टा. मी एकदाच तोंड उघडलं.

"अगं, पण मधे चार वर्षं गेली. तू जरा…"

"मी जरा काय?"

"काही नाही. मनगटावर बोटं ठेवून मोजून बघ ना, असं म्हणत होतो."

"हाताने मोजणं म्हणजे अंदाज. अंदाजावर शिक्का मारत नसतात."

झालं, माझी बोलती बंद. तिच्या पेशातलं तिला कळतं, असं म्हणून मी पुन्हा ब्रश उचलला.

वहीत सगळं झकास चाललं होतं. फेऱ्या वाढत होत्या, आतल्या खोलीत सायकल स्टँडवर तासन्‌तास घरघरत होती. घरात मात्र मला वेगळंच दिसत होतं. बूट घालायला जिन्याच्या पायरीवर बसली की ती उठायचीच नाही. फोनवर बोलताना वाक्य मधेच तोडून श्वास घ्यायची. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, या बाईला मी दिवसा झोपलेली कधी पाहिली नव्हती. आता सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की ती धावण्याच्या कपड्यांतच कोचावर आडवी व्हायची.

अशाच एका दुपारी मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि तिच्या मनगटावर हळूच बोटं ठेवली. माझं सारं आयुष्य दोन अक्षरांमधलं अंतर सारखं ठेवण्यात गेलंय, एवढं तरी माझ्या बोटांना कळतं. त्या ठोक्यांमध्ये काहीही सारखं नव्हतं. दोन चिकटून यायचे, मग मोठी फट, मग तीन एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे. भिंतीवरच्या घड्याळात बघून मी मिनिटभर मोजलं. एकशे अठरा. झोपेत! पुन्हा मोजलं, एकशे बावीस. माझे मोजले, सत्तर.

तिने डोळे उघडले. "काय करताय?"

"काही नाही. हात गार लागला तुझा."

ती कूस बदलून झोपली आणि मी तिथेच बसून राहिलो. त्याच क्षणी तिला गदागदा हलवून जागं करायला हवं होतं. दातांच्या डॉक्टरच्या पाटीत वेलांटी चुकली असती तर मी रात्रभर तळमळलो असतो, आणि इथे जन्माच्या जोडीदारणीचं काळीज चुकत होतं तर मूग गिळून बसलो. पाटीच्या उरलेल्या पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर पेन्सिलीने तारीख आणि आकडा लिहिला, घडी घालून पाकिटात ठेवला. पुढच्या सात आठवड्यांत असे आणखी आठ आकडे त्यावर चढले. रोज ठरवायचो, आज बोलू. आणि रोज तो फोन आठवायचा. नाही जमणार, घरचं आहे. मीच तो घरचा. एकदा तिच्या हातातला घास काढून घेतलेला माणूस पुन्हा कुठल्या तोंडाने ताट ओढणार?

मोठी मेव्हणी मात्र फटकळ. तिने सरळ मलाच फोन केला. "तिचा आवाज कसा झालाय बघा. दोन वाक्यांत दम लागतो. तुम्ही घरात बसून करता तरी काय?"

"पाट्या रंगवतो."

"मग एक रंगवा आणि लावा तिच्यासमोर! बस कर म्हणावं!"

मी हसण्यावारी नेलं.

त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या खुब्याची तपासणी होती, आणि नेमक्या त्याच इस्पितळाचे काटे तपासायची बायकोची पाळी. तान्ह्या मुलांचे, औषधखान्यातले, स्वयंपाकघरातले, सगळे तपासून तिने पेटी बंद केली आणि मला म्हणाली, "चला, एक काम उरलंय." हृदयाचा आलेख काढतात त्या खोलीत ती मला घेऊन गेली. तिथला पट्टीवाला, म्हणजे मशीनमधून आलेखाची कागदी पट्टी काढणारा, तिच्या ओळखीचा. त्याच्या खोलीतल्या काट्यावर दर वर्षी तीच शिक्का मारते.

"माझ्या पट्ट्याची नेमकी त्रुटी काढून द्या," ती त्याला म्हणाली. "बत्तीस ही मी काढलेली सरासरी. मला पक्का आकडा हवाय."

त्याला वाटलं चेष्टा आहे. पण काटेबाई चेष्टा करत नाही हे त्याला ठाऊक होतं. तिने पट्टा बांधला, त्याने पडद्याआड आपल्या तारा लावल्या, आणि लाकडी स्टुलावर तिला वर-खाली चढउतार करायला सांगितलं. मी दाराशी काठीवर हनुवटी टेकून बसलो होतो. पाकिटातला पुठ्ठा मला खिशातून टोचत होता. आता कळेल, याची भीती होती, आणि खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटत होतं. मला बोलावं लागणार नव्हतं.

"पट्टा काय म्हणतो?" पट्टीवाल्याने विचारलं.

"एकशे एकोणसत्तर."

"मशीन म्हणतंय एकशे अडुसष्ट. बरोबर आहे की तुमचा पट्टा!"

बायको स्टुलावर थांबली. "तुमचं मशीन शेवटचं कधी तपासलं?"

त्याने मशीनच्या कडेचा कागद दाखवला. गेल्याच महिन्यात. तिने वाकून तारीख वाचली, सही वाचली, खालचा नंबरसुद्धा वाचला. "दुसरं मशीन आहे?" शेजारच्या वॉर्डातून दुसरं आणलं. पट्टा एकशे एक्काहत्तर, मशीन एकशे सत्तर.

"दोन्ही चुकतायत," बायको म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता.

पट्टीवाल्याने मशीनमधून निघालेला कागद फाडला, उजेडात धरला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "बाई, खाली या. बसा. नको, आडव्याच व्हा." मग माझ्याकडे वळून, "काका, यांना उठू देऊ नका," म्हणाला आणि चपला न घालताच बाहेर पळाला.

आल्या त्या डॉक्टर बाई आमच्या निम्म्या वयाच्या असतील. त्यांनी कागद पाहिला, छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. "हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीयेत, नुसते थरथरतायत. म्हणून ठोके वेडेवाकडे पडतायत आणि इतके भरभर. कधीपासून होतंय?"

"मला काही होत नाहीये. माझे ठोके एकशे चव्वेचाळीस आहेत."

"कुठे?"

"वहीत," बायको म्हणाली आणि पिशवीतून वही काढून दिली.

डॉक्टर बाईंनी पुठ्ठ्यावरची लाल अक्षरं वाचली, आतली पानं उलटली. "हे वजा बत्तीस काय आहे?" बायकोने समजावून सांगितलं, नव्या माणसाला काटा समजावतात तसं, नीट, पायरीपायरीने. डॉक्टर बाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"म्हणजे तीन महिने तुम्ही रोज स्वतःचे बत्तीस ठोके खोडलेत?"

बायकोने वही परत घेतली, उघडली, मिटली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तलावात त्या पहिल्या दिवशी दिसलं ते काहीच नव्हतं. आजवर लोकांचे हजारो काटे खोटे ठरवलेल्या बाईला तिचा स्वतःचा आकडा खोटा आहे, हे दोन मशीन, एक पट्टा आणि पोरसवदा डॉक्टर मिळून सांगत होते.

यात रक्ताची गुठळी होऊ शकते, डॉक्टर बाई सांगत होत्या. औषधं लागतील, तपासण्या लागतील, कदाचित छोटी शस्त्रक्रिया. बरं होण्यासारखं आहे, आणि झाल्यावर पुढे कधीतरी हळूहळू धावताही येईल. पण आजपासून पोहणं, सायकल, पळणं, सगळं बंद. "गार पाण्यात चार किलोमीटर म्हणजे…" एवढंच म्हणून त्या थांबल्या.

"दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू," बायको छताकडे बघत म्हणाली. "शर्यतीला अजून पाच महिने आहेत."

डॉक्टर बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही रोज बघत होतात. तुमच्या काहीच लक्षात आलं नाही?"

आता 'नाही' म्हणणं किती सोपं होतं. पण माझा हात आपोआप खिशात गेला. मी पाकिटातून तो पुठ्ठ्याचा तुकडा काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि बायकोला दिला. एकशे अठरा. एकशे बावीस. एकशे चौदा. एकशे सव्वीस. शेजारी माझ्या सुबक अक्षरात तारखा, आणि 'झोपेत'.

"हे काय आहे?"

"तुझे ठोके. तू झोपलीस की मोजायचो."

"किती दिवस?"

"सात आठवडे."

"आणि बोलला नाहीत."

"कसा बोलणार गं? तुझी चार वर्षं मी खाल्ली. आता परत मीच नाही म्हणू?"

ती कोपरावर उठून बसली. पट्टीवाला पुढे सरसावला, तिने त्याला हातानेच थांबवलं. दुकानदारांना सुनावते तो आवाज मला पाठ आहे. हा तो नव्हता. हा आवाज मी सव्वीस वर्षांत ऐकला नव्हता.

"काटा खोटा आहे हे माहीत असून दुकानदार गप्प बसतो, तो निदान स्वतःच्या फायद्यासाठी. तुम्ही कशासाठी बसलात?"

मी पुठ्ठा परत घ्यायला हात पुढे केला, तिने तो मुठीत आवळला.

"मी तुम्हाला उचललं, धुतलं, ते उपकार म्हणून केलं असं वाटलं तुम्हाला? मग मी घरात कोण होते हो? नर्स? तुम्ही वाचावं म्हणून मी जिवाचं रान केलं. आणि तुम्ही मला मरायला सोडलंत. तेही कशासाठी, तर सभ्यपणा म्हणून!"

डॉक्टर बाई खिडकीकडे गेल्या. पट्टीवाला पाठमोरा होऊन तारा गुंडाळायला लागला. मला वाटलं, त्या परांचीवरून मी पुन्हा एकदा खाली पडतोय, आणि या वेळी खाली जमीनच नाही.

"म्हणा आता," बायको म्हणाली.

"काय?"

"सात आठवड्यांपूर्वी म्हणायचं होतं ते."

साडेचार वर्षं तो शब्द मी या बाईपुढे वापरला नव्हता. "नाही जायचं," मी पुटपुटलो.

"कुणी?"

"तू. तू नाही जायचंस. पाण्यात नाही, सायकलवर नाही, कुठ्ठेच नाही. मी जाऊ देणार नाही तुला!" शेवटचं वाक्य इतक्या मोठ्याने निघालं की बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावली.

आता ती उसळणार म्हणून मी काठी घट्ट धरली. पण ती उशीवर मागे टेकली आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली, हुंदके देऊन. मी पडलो त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती. मी जवळ गेलो. काय करावं ते कळेना, म्हणून नुसता उभा राहिलो.

"मला भीती वाटायची हो," ती हातांआडून म्हणाली. "पाण्यात पाय टाकताना रोज. छातीत कसंतरीच व्हायचं. वर बघायचे तुमच्याकडे. वाटायचं, आज तरी तुम्ही नाही म्हणाल."

एवढं बोलून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.